ऑपरेशनच्या आधीचे पाच महिने

माझी बेरियाट्रिक सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्यासाठीचं पोटाचं ऑपरेशन, होऊन आता सात महिने झालेत. भेटेल तो एकच विचारतो, किती कमी झालं? पण ज्यांना स्वतःला करायचीय ते वेगळं विचारतात, हळू आवाजात विचारतात, आधी काय काय करावं लागतं, किती दिवस जातात, भीती वाटते का. त्यांच्यासाठी हे लिहितेय. ऑपरेशन दोन-अडीच तासात झालं, त्याच्या आधीच्या तयारीला मात्र मला पाच महिने लागले आणि खरं काम मला तरी त्या पाच महिन्यांतच झाल्यासारखं वाटतं.

आधी माझी अवस्था सांगते. वय ४१, उंची १५८ सेंमी, वजन ११८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४७ च्या वर. शुगर सहा वर्षांपासून, बीपीची गोळी चालू, गुडघे असे की एक जिना चढला की मधे कठड्याला धरून उभं राहायचं. डाएट केलं नव्हतं असं अजिबात नाही, दोनदा मी १८-२० किलो उतरवलं होतं आणि दोन्ही वेळा दीड-दोन वर्षांत ते परत आलं, वर आणखी चार-पाच किलो घेऊन आलं. एका डॉक्टरांनी तर माझ्याकडे न बघताच सांगितलं होतं की तोंडावर ताबा ठेवा म्हणजे सगळं ठीक होईल, त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही आणि रात्री दुप्पट खाल्लं.

त्यामुळे सर्जनकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मनाची तयारी करूनच गेले होते की इथेही बोलणी खायची आहेत. पण त्यांनी शांतपणे सांगितलं की वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं, त्याला ते वजन परत हवं असतं, त्यामुळे एवढ्या वजनात नुसत्या डाएटवर टिकून राहणं फार थोड्यांना जमतं, हा तुमचा आळस नाही. मला तिथेच रडू आलं. इतकी वर्षं कुणीतरी हे म्हणावं याचीच मी वाट बघत होते हे मला तेव्हा कळलं.

बरेच जण विचारतात की माझं वजन एवढं नाही, मला करतात का. पूर्वीचा नियम १९९१ सालचा होता, बीएमआय ४० च्या वर किंवा शुगर-बीपीसारखा आजार असेल तर ३५ च्या वर. २०२२ मध्ये बेरियाट्रिक सर्जनच्या दोन मोठ्या संघटनांनी तो बदलला, आता ३५ च्या वर असेल तर दुसरा आजार नसला तरी चालतं, शुगरसारखा आजार असेल तर ३० पासून विचार करतात आणि आशियाई लोकांसाठी तर २७.५ पासूनच. म्हणजे विचारायला जायला हरकत नाही, ठरवायचं नंतर.

मला वाटलं होतं आठवड्याभरात उरकेल, ऑफिसात रजेचंही बोलून ठेवलं होतं. सर्जननी हातात तपासण्यांचा कागद ठेवला तो भरगच्च होता. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, टूडी इको, छातीचा एक्स-रे, फुफ्फुसांची टेस्ट, पोटाची सोनोग्राफी, एन्डोस्कोपी, स्लीप स्टडी, आणि शिवाय डाएटिशियन, मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन, भूलतज्ज्ञ प्रत्येकाला भेटायचं. मी विचारलं एवढं सगळं खरंच लागतं का, तर ते म्हणाले, "एकही कमी करणार नाही. मला आत गेल्यावर आश्चर्याचे धक्के नकोत."

रक्ताचे रिपोर्ट आले आणि मला कळेना की एवढं खाणाऱ्या बाईच्या अंगात सगळंच कमी कसं. व्हिटॅमिन डी ९, बी१२ कमी, शरीरातलं लोहही कमी. डाएटिशियन मॅडमनी सांगितलं की हे नेहमीच दिसतं, पोट भरतं पण पोषण होत नाही, आणि ऑपरेशननंतर खाणंही कमी आणि बायपास प्रकारात, म्हणजे पोटाचा छोटा कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात त्यात, शोषणही कमी, त्यामुळे आधीच खड्डा असेल तर नंतर तो भरणं फार अवघड. म्हणून डीचे आठवड्याला एक असे डोस, बी१२ ची इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या लगेच सुरू. आणि ऑपरेशननंतर व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर, हेही त्यांनी पहिल्याच भेटीत अगदी स्पष्ट सांगितलं, कबूल असेल तरच पुढे जाऊ म्हणाल्या.

याच मॅडमनी मला एक वही करायला सांगितली. जे तोंडात जाईल ते लिहायचं, वेळ लिहायची आणि शेवटच्या रकान्यात एकच प्रश्न, भूक होती का. मी पहिले तीन दिवस सुंदर अक्षरात लिहिलं. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, चारचा चहा, रात्रीचं जेवण, सगळं बेताचं, वाचून कुणालाही वाटावं काय शिस्तीची बाई आहे. मॅडमनी वाचलं, वही मिटली आणि म्हणाल्या, "एवढंच खाऊन ११८ किलो होत नाही हो. मला तुम्हाला मार्क द्यायचे नाहीयेत, मला फक्त बघायचंय की तुम्ही कधी खाता." आवाजात जराही राग नव्हता आणि म्हणूनच मला फार लागलं ते.

त्या रात्री मी पहिल्यांदा खरं लिहिलं. रात्री ११.४०, ओट्यापाशी उभी, दिवा न लावता, बिस्किटांचा अर्धा पुडा. भूक होती का, नाही. हे लिहिताना माझा हात थरथरत होता, खरं सांगते, कारण हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं, पुड्याचा कागद मी कचऱ्यात खाली दाबून टाकायचे. पण एकदा लिहिल्यावर पुढचं लिहिणं सोपं गेलं. चौदा दिवसांनी आम्ही दोघींनी ती वही उलगडून बघितली तर भूक नसताना मी नऊ वेळा खाल्लं होतं आणि नऊच्या नऊ वेळा रात्री साडेनऊनंतर, घरातले झोपल्यावर. दिवसभर मी बरी होते. दिवसभर कामं, माणसं, फोन, आणि रात्री सगळं शांत झालं की माझी स्वतःची अशी एकच गोष्ट उरायची ती म्हणजे खाणं. मॅडम म्हणाल्या ऑपरेशन पोटाचं होणार आहे, रात्री साडेनऊचं नाही, त्याचं आपल्याला आधी काहीतरी बघायला लागेल.

मग ती वेळ भरायची म्हणून मी चालायला लागले, आधी फक्त घरातल्या घरात पंधरा मिनिटं कारण गुडघे साथ देत नव्हते, नंतर नवऱ्याबरोबर बाहेर. त्याच्याशी रोज अर्धा तास नुसतं बोलणं किती वर्षांत झालं नव्हतं. सगळ्या रात्री जमलं असं नाही. पण वहीतले नऊचे पाच झाले, मग दोन.

याच काळात जेवण्याचा सराव सुरू. लहान चमचा, लहान वाटी, प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. ऐकायला काहीच वाटत नाही, करून बघा. बायपासमध्ये जो छोटा कप्पा पोट म्हणून राहतो तो साधारण ३० मिलीचा असतो, दोन मोठे चमचे धरा, त्यात न चावलेला घास गेला की छातीत अडकल्यासारखं दुखतं आणि उलटी होते. ते तेव्हा शिकत बसायला वेळ नसतो, सवय आधीच लागलेली हवी. जेवताना पाणी न पिण्याची सवय लागायला मला सहा आठवडे लागले, हात आपोआप ग्लासकडे जायचा, शेवटी मी ग्लास टेबलावर ठेवायचाच बंद केला.

स्लीप स्टडीबद्दल मला अजिबात महत्त्व वाटत नव्हतं, घोरते तर घोरते. डोक्याला तारा, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी असं लावून एक रात्र झोपले. रिपोर्टमध्ये एएचआय ४२ आला. म्हणजे तासाला सरासरी ४२ वेळा माझा श्वास थांबत होता किंवा अडखळत होता, ३० च्या वर गेलं की त्याला तीव्र म्हणतात, आणि रक्तातला ऑक्सिजन एकदा ७१ टक्क्यांपर्यंत उतरला होता. तो कागद बघून नवरा बराच वेळ काही बोललाच नाही. नंतर म्हणाला, मी शेजारी झोपत होतो आणि मला वाटायचं तू गाढ झोपलीयस.

मग सीपॅप मशीन आलं. नाकावर मास्क आणि त्यातून सतत हवेचा दाब, पहिल्या रात्री मी तो वीस मिनिटांत ओढून काढला, जीव गुदमरतोय असंच वाटलं. ज्यांना असं होतं त्यांना सांगते, मला टेक्निशियननी सांगितलेला उपाय खरंच लागू पडला, दिवसा जागेपणी टीव्ही बघताना अर्धा तास घालून बसायचं, मेंदूला सवय होऊ द्यायची. नवव्या-दहाव्या रात्री मी सलग पाच तास झोपले. सकाळी उठले तर डोकं दुखत नव्हतं, आणि तेव्हा लक्षात आलं की कितीतरी वर्षं रोज सकाळी माझं डोकं दुखत होतं आणि मला ते तसंच असतं असं वाटत होतं. भूल आणि वेदनाशामक औषधांनी घसा आणखी सैल पडतो, त्यामुळे हा आजार न ओळखता टेबलावर जाणं किती धोक्याचं होतं ते भूलतज्ज्ञांनी नंतर समजावलं.

एन्डोस्कोपीने तर ठरलेलंच बदललं. मी स्लीव्ह करायचं मनाशी पक्कं करून गेले होते कारण ओळखीच्या एकीचं स्लीव्ह झालं होतं आणि तिचं छान चाललं होतं. स्लीव्हमध्ये पोटाचा बाहेरचा मोठा भाग, साधारण ७५ ते ८० टक्के, कापून काढतात आणि केळ्यासारखी नळी उरते, आतड्यांना हात लावत नाहीत. माझ्या एन्डोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ॲसिडने झालेल्या जखमा निघाल्या आणि पोटाचा थोडा भाग वर छातीकडे सरकलेला निघाला. अ‍ॅसिडिटी मला होतीच, मी गोळी घेऊन विसरून जायचे. सर्जन म्हणाले स्लीव्हनंतर अ‍ॅसिड वर येण्याचा त्रास वाढू शकतो, तुम्हाला बायपास बरा. मी नाराज झाले, दोन दिवस ऐकायलाच तयार नव्हते, कारण बायपास म्हणजे आतडंही जोडणार, ते मला भीतीदायक वाटत होतं. मग सगळे प्रश्न कागदावर लिहून परत गेले आणि त्यांनी चित्र काढून अर्धा तास समजावलं. म्हणून सांगते, मैत्रिणीचं ऑपरेशन हे तुमचं ऑपरेशन नसतं, तुमच्या पोटात काय आहे त्यावर ठरू द्या.

शिवाय एच पायलोरी नावाचा जंतू निघाला, त्याचा चौदा दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स, तोंडाला सतत धातूसारखी चव, आणि कोर्स संपल्यावर चार आठवडे थांबून परत टेस्ट. तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवतो तो एचबीएवनसी ८.९ होता, तोही खाली आणायचा. म्हणजे तारीख पुढे. मी ऑफिसात सांगून बसले होते, मुलीच्या परीक्षा बघून तारीख काढली होती, आणि सगळं दोन महिने पुढे गेलं. त्या दिवशी मी क्लिनिकच्या बाहेर बाकड्यावर बसून खूप रडले, वाटलं हे होणारच नाही माझं. आता वाटतं त्या दोन महिन्यांनीच मला उभं केलं, पण तेव्हा कुणी असं म्हटलं असतं तर मला पटलं नसतं.

मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जाताना वाटलं परीक्षा आहे, नापास झाले तर ऑपरेशन रद्द. तसं काही नसतं. त्यांनी विचारलं, रात्रीचं खाणं गेलं तर त्या जागी काय येईल? घरात कोण सोबत आहे? दारू घेता का, कारण बायपासनंतर ती फार पटकन चढते आणि काहींना खाण्याच्या जागी तिचीच सवय लागते. आणि मग, किती वजन झालं की तुम्ही खूश व्हाल? मी क्षणाचाही विचार न करता ६० म्हटलं. त्यांनी तो आकडा लिहून घेतला आणि सर्जनशी बोलायला सांगितलं. सर्जननी हिशोब मांडला, पहिल्या वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के उतरतं, म्हणजे माझं ८२ ते ८८ च्या आसपास येईल, कुणाचं जास्त उतरतं, पण ६० धरून बसाल तर ८५ किलोला दुःखी व्हाल. हे आधी ऐकलं ते फार बरं झालं. घरी आल्यावर मी कागदावर ८५ लिहून त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत होते. ८५ किलोची मी शेवटची कधी होते ते आठवायला लागलं, मुलगी तेव्हा बालवाडीत होती.

आईचा विरोध होता. "अगं, धडधाकट पोट कशाला कापून घेतेस, थोडं कमी खा की." मी भांडले नाही, तिला पुढच्या भेटीला सोबत घेऊन गेले. तिने सर्जनना थेट विचारलं, "माझी पोरगी दगावायची शक्यता किती?" ते म्हणाले, हजारात एखाद-दुसरी, पित्ताशय काढायच्या ऑपरेशनला जेवढी जोखीम असते साधारण तेवढी, पण शून्य नाही. मग त्यांनी न लपवता सांगितलं, जोडलेल्या जागेतून गळती होऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो, पायात गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाऊ शकते, आणि प्रत्येकाला ते काय करतात तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "आजी, हिची शुगर आणि झोपेतला श्वास असाच राहू दिला तर त्यालाही जोखीम आहे." आई घरी येईपर्यंत गप्प होती. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, तारीख कळव, मी पंधरा दिवस येऊन राहते.

फिजिओने एक प्लॅस्टिकचं खेळणं दिलं होतं, स्पायरोमीटर, तीन नळ्या आणि प्रत्येकीत एक चेंडू, नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा की चेंडू वर चढतात. नळ्यांवर ६००, ९००, १२०० असे आकडे. पहिल्या दिवशी माझा एक चेंडू धडपडत वर गेला, दुसरा नुसता हलला, तिसरा तर तळाशीच. मी ते स्वयंपाकघरात ठेवलं, दूध तापेपर्यंत पाच वेळा, कुकरची शिट्टी होईपर्यंत पाच वेळा. तिसरा चेंडू पहिल्यांदा वर टेकला तेव्हा मी इतक्या जोरात मुलीला हाक मारली की ती घाबरून धावत आली.

दुसऱ्यांदा रिपोर्ट केले, एचबीएवनसी ७.४, एच पायलोरी गेलेला. तारीख मिळाली आणि त्याच्या आधीचे दोन आठवडे लिक्विड डाएट. हे दोन आठवडे सगळ्यात कठीण. दिवसाला साधारण ८००-९०० कॅलरी, प्रोटीन शेक, गाळलेलं सूप, दूध, पाणी भरपूर. कारण असं की लिव्हरचा डावा भाग पोटावर पडलेला असतो आणि आमच्यासारख्यांचं लिव्हर चरबीने फुगलेलं, जड असतं, ते उचलून धरल्याशिवाय दुर्बिणीतून खालचं पोट दिसत नाही. कर्बोदकं कमी केली की लिव्हरमधला साखरेचा साठा आणि त्याच्याबरोबर साठलेलं पाणी उतरतं, चरबीही थोडी उतरते, लिव्हर लहान आणि मऊ होतं. हे नीट समजल्यामुळे मी ते पाळू शकले, नाहीतर चौथ्या दिवशीच सोडलं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं ठणकत होतं, कुणी मोठ्याने बोललं तरी सहन होत नव्हतं. पाचव्या दिवसापासून उतरलं.

शुगरवाल्यांनी हे वाचाच. फिजिशियननी लिक्विड डाएटच्या पहिल्याच दिवशी माझी एक गोळी बंद केली आणि दुसरी अर्धी केली होती, तरी सहाव्या दिवशी शुगर ६८ आली, घाम फुटला, हातपाय कापायला लागले. लगेच साखरपाणी घेतलं, फोन केला, त्यांनी अर्धीही बंद केली. गोळ्या तशाच चालू ठेवून हे डाएट स्वतःच्या मनाने कुणी करू नका, आणि घरात ग्लुकोमीटर असू द्या.

स्वयंपाक मीच करत होते. आठव्या दिवशी लक्षात आलं की मुलगी ताट घेऊन तिच्या खोलीत जाऊन जेवतेय. विचारलं तर म्हणाली, तुला त्रास होईल ना. तेरा वर्षांची आहे. मी तिला हाताला धरून टेबलापाशी आणलं, माझा सूपचा वाडगा तिच्या ताटाशेजारी ठेवला आणि लहान चमच्याने पंचवीस मिनिटं ते सूप प्यायले. त्या दिवसापासून आम्ही तिघं परत एकत्र जेवायला बसलो.

चौदा दिवसांत साडेपाच किलो उतरलं.

भूलतज्ज्ञांनी तोंड उघडायला लावलं, मान वर-खाली करायला लावली, हलणारा दात आहे का विचारलं, सीपॅप मशीन सोबत आणायचंच असं बजावलं. अ‍ॅडमिट आदल्या दिवशी संध्याकाळी. बॅगेत मशीन, स्पायरोमीटर, वही, चालू औषधांची यादी, सैल कपडे, बाकी फारसं काही लागत नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पायांत घट्ट मोजे आणि पोटावर छोटं इंजेक्शन. संमतीपत्र मी प्रत्येक ओळ वाचून सही केली, तरुण डॉक्टर न कंटाळता थांबले होते. रात्री भीती वाटली, खूप वाटली, मास्क लावून छताकडे बघत पडले होते आणि नवरा खुर्चीत बसून माझा हात धरून होता.

शुद्धीवर आले तेव्हा सर्जन पायाशी उभे होते. पहिलं वाक्य म्हणाले, "लिव्हर छान उचललं गेलं, काही अडचण आली नाही." मला बोलता येत नव्हतं, मी फक्त मान हलवली.

संध्याकाळी स्पायरोमीटर तोंडात धरलं, पोट ओढत होतं, एकच चेंडू वर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुरू झालं, छोट्या कपात मोजून. वही नवऱ्याच्या हातात होती, मी सांगितलं तसं त्याने लिहिलं, सकाळी ९.१०, पाणी ३० मिली, पंधरा मिनिटं. मग शेवटच्या रकान्यावर पेन ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, भूक होती का?

मी म्हटलं, नाही. तहान होती, तहान लिही.